बाळंतिणीच्या ताटात काय हवं?
(महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानावरून)

मैत्रिणींनो, आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या समस्त आजीमंडळींनो,

यंदा आपल्या सोसायटीत तीन घरी पाळणा हलला, म्हणून मंडळानं मला हा विषय दिला. आधीच सांगते, मी डिंकाच्या लाडवांच्या विरोधात बोलायला उभी नाही! अळिवात लोह भरपूर, खोबरं-तूप-गुळानं ताकद मिळते. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जादा लागतात, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू वाढवला की जवळपास तेवढं होतं.

माझी तक्रार आहे ती पथ्याबद्दल. पालेभाजी वातूळ, फळं थंड, डाळीनं बाळाच्या पोटात दुखेल, असं करत करत ताटात उरतो तूप-मेतकूट-भात. पोट भरतं, पण जीवनसत्त्वं कुठून येणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आईनं कमी खाल्लं तरी दुधातलं कॅल्शियम आणि लोह फारसं कमी होत नाही. शरीर ते आईच्या साठ्यातून, कॅल्शियम तर थेट हाडांतून काढून बाळाला देतं. म्हणजे बाळ गुटगुटीत दिसतं आणि आई मात्र कंबर धरून बसते. म्हणून नाचणी, तीळ, दूध हवंच. सरकारी दवाखान्यात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायला सांगतात. आपल्याकडे बाळ घरी आलं की त्या ड्रॉवरमध्ये जातात. त्या घ्या, पण दोन्ही एकाच वेळी नको, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा तर नकोच.

बी-12चं मात्र उलटं आहे. आईकडे ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून; भाजीत नाही, लाडवात नाही. शाकाहारी घरातली सून दूधही घेत नसेल, तर काही महिन्यांनी बाळ मलूल होतं, हसेनासं होतं, धरलेली मान पुन्हा सोडतं, कधी हातपाय थरथरतात. वेळेत ओळखलं तर उपचार आहेत, पण उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम राहू शकतो. घरात मात्र ‘बाळ शांत आहे हो’ म्हणून कौतुक चाललेलं असतं. म्हणून शाकाहारी मुलींनी गरोदरपणीच डॉक्टरांना विचारून बी-12 तपासून घ्यावं, आणि गोळी सांगितली तर ती पाजत असेपर्यंत थांबवू नये. मासे खाणाऱ्या घरांनी बाळंतिणीचे मासे का बंद करावेत, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणखी एक. पथ्य म्हणून काही जणी फक्त सैंधव वापरतात. त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, आणि बाळाला आयोडीन मिळतं ते आईच्याच दुधातून. तेव्हा बाळंतिणीच्या जेवणात साधं आयोडीनयुक्त मीठ वापरा.

आता ‘ड’ जीवनसत्त्व. आई कितीही नीट जेवली तरी दुधात ते थोडंच असतं. म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळाला पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब देतात. ‘एवढ्याशा जिवाला औषध कशाला?’ असं म्हणणाऱ्या आजी इथेच बसल्या आहेत, मला ठाऊक आहे! त्यांचे प्रश्न आधी घेऊ, तीळगूळ त्यानंतर.