उष्टावण
(महिला मेळाव्यातील भाषण)

भगिनींनो, बारसे, उष्टावण, बोरन्हाण, जावळ हे आपल्या घरांतील मंगल टप्पे होत. आज उष्टावणाविषयी दोन शब्द बोलते.

मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, अशी चाल आहे. त्यामुळे कित्येक घरी मुलीला पाचव्या महिन्यातच खीर चाटवितात. परंतु सहा महिने पूर्ण होईतो बाळास केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच सांगितले आहे. तेव्हा मुलीसाठी सातवा महिना लागताच मुहूर्त धरावा; चालही राहील, पोरीचेही हित होईल. मुलासाठी आठव्याची वाट पाहू नये.

मामाने पहिला घास भरविल्यावर मऊ भात, वरण, तूप, कुस्करलेले केळे रोज द्यावे. सोहळा एका दिवसाचा. भूक मात्र रोजची आहे.