तारांच्या जोड्या

नारायणगांवाजवळ खोडद येथें विश्वांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. या तबकड्या मध्यवर्ती इमारतीशीं जोडल्या आहेत त्या कांचतंतूंनीं. जेथें अतिक्षीण संकेत टिपावयाचा, तेथें बाहेरचा गोंगाट आंत येऊं न देणें हेंच मुख्य काम. आपल्या घरांतील संगणकाच्या तारेचें शास्त्रही शेवटीं हेंच आहे.

श्रोतेहो, संगणकजोडणीची केबल सोलून पाहिली तर तींत आठ बारीक तारा दिसतात. परंतु त्या आठ सुट्या तारा नव्हेत. त्या चार जोड्या आहेत. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी. प्रत्येक जोडींत एक तार पूर्ण रंगाची व दुसरी त्या रंगाच्या पट्ट्याची पांढरी. आणि दोघींना चऱ्हाटाप्रमाणें पीळ असतो. पिळाची ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं १८८१ सालीं टेलिफोनसाठीं पेटंट करून घेतली. एका तारेंतून संदेश जातो तेव्हां दुसरींतून त्याचें उलट रूप जातें, आणि पलीकडचें यंत्र दोहोंतील फरक तेवढा घेतें. पिळामुळें बाहेरचा उपद्रव दोघींस सारखाच पोहोंचतो व फरक घेतांना आपोआप वजा होतो.

आतां क्रम. प्लगचा खटका खालीं, सोनेरी पट्ट्या वर व आपल्यापासून दूर धरल्या, म्हणजे डावीकडील पहिली. टी-५६८-बी या प्रचलित पद्धतींत क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टी-५६८-ए पद्धतींत नारिंगी व हिरव्या जोडीची अदलाबदल होते. कोणतीही पद्धत घ्या, पण दोन्ही टोकांस एकच ठेवा.

हिरवी जोडी निळीच्या दोन बाजूंस कां फांकविली, असें कोणी विचारील. याचें कारण टेलिफोनांत आहे. टेलिफोनच्या लहान प्लगांत मधल्या दोन तारांवर संभाषण चालतें. म्हणून मोठ्या जोडणींतही मधली चौथी-पांचवी जागा एकाच निळ्या जोडीस दिली. उरलेली तिसरी व सहावी दुसऱ्या जोडीच्या वांट्यास आल्या.

हें न जाणल्यास काय होतें? आंबेगांव तालुक्यांतील एका शाळेंत नवी केबल ओढली होती. बसविणाऱ्यानें रंग ओळीनें, जोडीशेजारीं जोडी लावले, दोन्ही टोकांस सारखेच. तपासणीच्या डबीवरील आठही दिवे क्रमानें लागले. बिल दिलें गेलें. मात्र मुलांचे धडे पडद्यावर येतां येतां अडकूं लागले. प्रत्येक तार योग्य ठिकाणीं पोहोंचली होती, पण तिसरीचा पीळ चौथीशीं व सहावीचा पांचवीशीं होता. एका जोडीचा बैल दुसऱ्या जोडीच्या बैलाबरोबर जुंपावा, तसें झालें. दिव्याची डबी तार तुटली आहे कीं नाहीं एवढेंच सांगते. पीळ कोणाचा कोणाशीं हें ती पाहूं शकत नाहीं. टोकें कापून योग्य क्रमानें पुन्हा बसवितांच वर्ग सुरळीत चालूं लागला.

कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. टोकाशीं पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये. एक केबल १०० मीटरांपेक्षां लांब नेऊं नये. टेलिफोनच्या तारेवर सुमारें ४८ व्होल्ट, व घंटा वाजतांना त्याहून बराच अधिक दाब असतो. ती तार संगणकाच्या खांचेंत घालूं नये. आणि एका इमारतींतून दुसरींत, विजांच्या कडकडाटाच्या आपल्या मुलुखांत, तांबें न नेतां कांचतंतूच न्यावा. तो वीज वाहून आणीत नाहीं.

काम करून घेणाऱ्यानें बिल देण्यापूर्वीं प्लग हातांत घेऊन आठ रंग स्वतः वाचावे. त्यास एक मिनिट पुरें होतें, आणि मुलांचें वर्ष वांचतें.