इटलीत मदत मागताना



इटलीला निघालेली मंडळी हमखास पाठ करतात तो शब्द म्हणजे ‘पेर फावोरे’, कृपया. शब्द चांगला आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. अनोळखी माणसाला आज्ञार्थात काही सांगून पुढे ‘पेर फावोरे’ जोडलं, तरी त्याच्या कानाला ते हुकमासारखं लागू शकतं. इटालियनमधली खरी अदब क्रियापदात असते.

समजा, रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर तुम्ही गाडीत चढताय आणि बॅग जड आहे. शेजारच्या प्रवाशाला म्हणायचं, ‘स्कूझी, मि पोत्रेब्बे दारे ऊना मानो?’ माफ करा, जरा हात द्याल का? यातलं ‘पोत्रेब्बे’ हे संकेतार्थी रूप मोलाचं आहे. ‘जमण्यासारखं असेल तर’ हा भाव त्यातच येतो आणि समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. आपण ‘द्या’ऐवजी ‘द्याल का’ म्हणतो, ते याच जाणिवेतून. दुकानातही ‘वोल्यो’, मला हवंय, असं न म्हणता ‘वोर्रेइ’ म्हणावं. काही जण सरळ भूतकाळच वापरतात: ‘वोलेवो’, हवं होतं. बँकेच्या खिडकीशी आपणही ‘जरा विचारायचं होतं’ असंच म्हणतो की!

अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘लेई’ म्हणायचं. व्याकरणात हे तृतीय पुरुषी स्त्रीलिंगी एकवचनी रूप, पण पुरुषालाही तेच. मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये हे ‘लेई’ परकं ठरवलं आणि त्याजागी ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’, वापरायला लावलं. ‘लेई’ नावाच्या एका महिला साप्ताहिकालाही नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ करावं लागलं, जरी तिथे त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘ती’ असा होता. माणसांनी एकमेकांशी किती आदराने बोलावं यातही सरकारने हात घालावा, याची मला आजही चीड येते. राजवट गेली, ‘लेई’ परत आलं. नेपल्सकडे थोरामोठ्यांना ‘वोई’ म्हणण्याची जुनी रीत मात्र अजून आहे. ती लोकांची स्वतःची.

‘तू’वर येऊ या, असं सहसा वयाने मोठ्या माणसाने सुचवायचं. तोवर ‘लेई’ सोडू नये. आणि मैत्री जमली की मग ‘मि फाइ उन फावोरे?’, माझं एक काम करतोस? एवढं पुरतं. तिथे ‘पोत्रेब्बे’ काढलंत, तर आपलं काही चुकलं का, असं मित्राला वाटेल.