मोबाईलमधला कणभर धातू



आपल्या शहरात क्रांती चौकातून पैठण गेटकडे निघालात,
की मोबाईलची दुकानं लागतात.
त्या मोबाईलमध्ये टँटलम नावाचा धातू असतो.
अगदी कणभर.

तो मिळतो कोल्टन या खनिजातून.
आणि कोल्टनच्या मोठ्या खाणी आहेत आफ्रिकेत,
काँगो देशाच्या पूर्व भागात.

तिथे अनेक वर्षं युद्ध धुमसतं आहे.
सशस्त्र टोळ्या खाणी बळकावतात.
खनिजाच्या वाटेवर वसुली करतात.
त्या पैशातून बंदुका येतात.

आणि गावावर दहशत बसवायची,
तर लैंगिक अत्याचार होतात बायकांवर.
पुन्हा सांगते.
युद्धात हा अत्याचार हत्यार म्हणून वापरला जातो.

तिथल्या बुकावू शहरात पांझी रुग्णालय आहे.
डॉक्टर डेनिस मुकवेगे यांनी ते 1999 साली उभारलं.
हजारो पीडित स्त्रियांवर तिथे उपचार झाले.
नुसती शस्त्रक्रिया करून त्यांना घरी धाडत नाहीत.
मनाला आधार देतात,
कोर्टकचेरीत साथ देतात,
पोटापाण्याचं कामही शिकवतात.

2018 साली मुकवेगे यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.
सोबत होत्या इराकच्या नादिया मुराद.
त्यांनी असा अत्याचार स्वतः सोसला,
आणि नाव न लपवता जगाला सांगितला.
केवढं हे धैर्य!

खनिजाचा पैसा अशा टोळ्यांना मिळू नये,
म्हणून युरोपीय संघात 2021 पासून नियम आहे.
टँटलम, कथील, टंगस्टन आणि सोनं,
हे कुठून आलं,
ते मोठ्या आयातदारांनी तपासायचं.

हो, यात सोनंही आहे.
सराफाकडे आपण हॉलमार्क पाहतो.
त्यातून शुद्धता कळते.
सोनं कोणत्या खाणीतलं, हे मात्र विचारावं लागतं.