दोन तिकिटे, एक प्रवासी

नभोवाणीवर भाषण करण्याचे निमंत्रण आले, तेव्हा घरातील मंडळींस आश्चर्य वाटले. मला मात्र समाधान वाटले, आणि त्या समाधानाचे कारण थोडेसे खासगी आहे. सभेत भाषण करावयाचे म्हणजे अखेरीस कोणी तरी उठून प्रश्न विचारतो, आणि तो नीट ऐकून घ्यावा लागतो. येथे तसे नाही. बोलणारा मी, ऐकणारे आपण. ऐकण्याची जबाबदारी मजवर मुळीच नाही. ही सोय मजसारख्याला किती मोलाची आहे, हे पुढे ओघाने आपल्या ध्यानात येईलच.

विषय सुट्टीतील प्रवासाचा आहे. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेल्या मनुष्यास सुट्टीविषयी बोलण्याचा अधिकार आहे, हे माझे विद्यार्थीही मान्य करतील. माझी विद्या जुन्या मॅट्रिकपाशी थांबली. तेव्हा प्रवासाचे तत्त्वज्ञान काही मला सांगता यावयाचे नाही. एक प्रवास आणि एक सोबती, एवढेच माझे आजचे भांडवल आहे.

सोबती नवा असला म्हणजे प्रवासात सभ्यपणाचा फार खर्च होतो. आपण त्याला खिडकीची जागा देऊ करतो, तो नको म्हणतो. मनातून दोघांनाही ती हवी असते. जुन्या मित्राच्या बाबतीत हा खर्च वाचतो. आपण शाईची दौत उपडी केली ती त्याने पाहिलेली असते, परक्याच्या आमराईत आपण मार खाल्ला त्याचा तो वाटेकरी असतो. त्याच्यापुढे मोठेपणा मिरवून उपयोग नसतो. माझा असा सोबती म्हणजे आमचे अण्णा. त्यांचे वय माझ्याहून अवघ्या चार महिन्यांनी अधिक. पण त्या चार महिन्यांच्या जोरावर ते मला आजतागायत वडीलकीने वागवीत आले आहेत.

अण्णांनी पस्तीस वर्षे टपालखात्यात काढली. पाकिटावर 'शंकराच्या देवळामागे, पिंपळाजवळ' एवढाच पत्ता असला, आणि तोही कोंबडीचे पाय उमटावेत तशा अक्षरात असला, तरी तो उलगडून पत्र बिनचूक रवाना करावे, अशी त्यांची ख्याती. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी; पुढे तिची गरज लागणार आहे.

अण्णांचे आजोळ रत्नागिरीचे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे एस. टी.च्या लाल गाडीने, घाटाची वळणे पोटात साठवीत तेथे जात असू. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली, आणि त्याच वर्षापासून आम्ही आगगाडी धरली. सेवानिवृत्तीनंतर आम्हांस बारमास सुट्टीच आहे. परंतु सुट्टी नसताना प्रवासास निघणे आम्हा दोघांनाही चोरीसारखे वाटते. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीतच अण्णांच्या मामेभावाकडे चार दिवस जाण्याचा आमचा परिपाठ आहे.

या प्रवासाचे नियम ठरलेले आहेत. गाडी सकाळी सहाच्या सुमारास दिव्याहून सुटणारी असली, तर अण्णा पहाटे चार वाजता माझ्या दाराशी उभे असतात. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जाताना खिडकी त्यांची, येताना माझी. हा तह आम्ही इयत्ता सातवीत असताना केला. आणि तिसरा नियम बोगदे मोजण्याचा. कोकण रेल्वेवर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. त्यांपैकी रत्नागिरीपर्यंत किती लागतात, यावर आमचे पंचवीस वर्षांत एकदाही एकमत झालेले नाही. दर खेपेस त्यांचा आकडा निराळा, माझा निराळा. आणि 'तू मध्येच डुलकी घेतलीस' हा आरोप दोन्ही बाजूंनी सारखाच.

गेल्या दिवाळीत आम्ही असेच निघालो. ही गाडी बहुतेक प्रत्येक स्थानकावर थांबते. पेण आले तशी अण्णा म्हणाले, "मास्तर, पाटी वाच बघू. तुझे उच्चार अजून शाबूत आहेत का, ते पाहतो." मास्तराला वाचून दाखव म्हणणे म्हणजे हलवायाला चव घे म्हणण्यासारखे आहे. मी खड्या आवाजात "पेण" म्हणून वाचले. पुढे नागोठणे वाचले, कोलाड वाचले, सापे-वामने तर दोन वेळा वाचले. समोरच्या बाकावरचा एक लहान मुलगा माझ्यामागून म्हणू लागला; आमचा वर्ग उत्तम चालला होता. अण्णांस माझ्या वाचनाची एवढी गोडी कशी लागली, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही. स्तुती ऐकताना मनुष्य शंका काढीत नाही.

मध्येच तिकीट तपासनीस आला आणि त्याने मला काही विचारले. मार्च २०२० पर्यंत ज्येष्ठ नागरिकांस भाड्यात सवलत मिळत असे, तेव्हा वय सांगण्याची आम्हांस सवय होती. मी तत्परतेने म्हणालो, "अडुसष्ट." त्याने एकदा तिकिटाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. तेव्हा अण्णा मोठ्याने म्हणाले, "रत्नागिरीपर्यंत जायचे आहे हो! मास्तर वय सांगताहेत." बिचाऱ्याने 'कुठवर' एवढेच विचारले होते. पुढे चहावाला आला. मी सहा रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवले, तेव्हा तो माझ्याकडे रागाने पाहत राहिला. "मास्तर, दहा! दहा!" असे म्हणून अण्णांनी वरचे चार रुपये दिले. मी म्हणालो, "हल्ली लोक स्पष्ट बोलतच नाहीत." अण्णा म्हणाले, "खरे आहे. आणि पाट्याही फार बारीक लिहितात."

संगमेश्वर गेले, उक्षी गेले, आणि करबुड्याचा बोगदा आला. हा कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली की उघड्या खिडक्यांतून असा गडगडाट आत येतो की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येऊ नये. डब्यात दिवे लागलेले नव्हते. त्या अंधारात अण्णा माझ्या कानाशी वाकले आणि बराच वेळ काही सांगत राहिले. मला एक अक्षरही कळले नाही. पण पुनःपुन्हा 'काय म्हणालास?' असे विचारण्याचा मला अलीकडे कंटाळा आला होता. खरे सांगावयाचे तर लाज वाटू लागली होती. अशा वेळी मी एक युक्ती योजीत असे. बोलणाऱ्याचे ओठ थांबले की आपण प्रसन्न मुद्रेने काही तरी मोघम म्हणावे. तेव्हाही मी अण्णांच्या खांद्यावर थाप मारली आणि ओरडून म्हणालो, "उत्तम! अगदी उत्तम! हे तू फार पूर्वीच करायला हवे होतेस!"

गाडी उजेडात आली. मी विचारले, "किती बोगदे झाले?" अण्णा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मोजले नाहीत."

श्रोतेहो, पंचवीस वर्षांत असे कधी घडले नव्हते.

त्या रात्री अण्णा धड जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. तिसऱ्या प्रहरी आम्ही शिरस्त्याप्रमाणे थिबा राजाचा वाडा पाहावयास गेलो. ब्रह्मदेशच्या या राजास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीस आणून ठेवले. हा वाडा त्याच्यासाठी १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. तेथील माहिती मी अण्णांस वाचून दाखविली. ते म्हणाले, "तीस वर्षे इथे राहिला. बोलायला आपले असे कोणी होते का रे त्याला?" मी म्हणालो, "राणी होती, मुली होत्या." अण्णा म्हणाले, "तसे नव्हे. बरोबर शाळेत गेलेला असा कोणी?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही फलकावर लिहिलेले नव्हते.

तेथून जवळच थिबा पॉइंट आहे. खाली भाट्याची खाडी पसरलेली दिसते, पलीकडे समुद्र. सूर्य खाली उतरत होता. अण्णांनी विचारले, "खाडीत होड्या किती आहेत रे?" मी मोजून म्हणालो, "नऊ." अण्णा म्हणाले, "बरोबर. नऊच."

आता, नक्कल कशी ओळखावी हे मास्तराला कोणी शिकवावे लागत नाही. दोन मुलांची उत्तरे बरोबर आली तर काहीच सिद्ध होत नाही. दोघांची चूक जुळली म्हणजे मात्र चोरी पकडली जाते. कालपासूनच्या पाट्या एकदम माझ्या डोळ्यांपुढे आल्या. थोड्या वेळाने मी म्हणालो, "अरे, त्या बाजूने आणखी आल्या की. आता चौदा झाल्या." वास्तविक तीन होड्या धक्क्यास लागल्या होत्या, पाण्यावर सहाच उरल्या होत्या. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून खाडीकडे पाहिले आणि म्हणाले, "हो, चौदाच."

मी त्यांचा हात धरला आणि विचारले, "अण्णा, केव्हापासून दिसत नाही?"

अण्णा क्षणभर स्तब्ध राहिले. मग असे काही संतापले, की आसपासची मंडळी वळून पाहू लागली. "केव्हापासून म्हणून काय विचारतोस? काल बोगद्यात सगळे सांगितले तुला! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणालो. आता जिन्याची पायरीही कळत नाही म्हणालो. घर बंद करून कायमचा बंगळूरला मुलाकडे जातो, ही आपली शेवटची खेप, असे म्हणालो. समोरासमोर सांगायचे धैर्य होईना म्हणून अंधार पाहून सांगितले. आणि तू काय म्हणालास? उत्तम! हे फार पूर्वीच करायला हवे होते!"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ज्याच्याशी साठ वर्षांचा स्नेह, त्याच्या निरोपाला मी 'उत्तम' असा शेरा मारून बसलो होतो! अखेरीस मी म्हणालो, "अण्णा, मला त्यातले काहीच ऐकू आले नाही. मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही."

अण्णा माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तो चहाचा सहा रुपये..." आणि एकाएकी हसू लागले. मीही हसू लागलो. सूर्यास्त पाहावयास जमलेल्या मंडळींना त्या दिवशी दोन म्हातारे डोळे पुसताना दिसले असतील. त्यांनी काय तर्क केला असेल तो असो.

अंधपंगुन्याय आपणांस ठाऊक असेलच. आंधळ्याने पांगळ्यास खांद्यावर घेतले, पांगळ्याने वाट दाखविली, आणि दोघेही अरण्यातून बाहेर पडले. आमचा अंधबधिरन्याय त्याच जातीचा. भेद एवढाच, की त्या दोघांनी आपापले वैगुण्य एकमेकांस आधी सांगितले होते. आम्ही दोघांनी तिकिटे दोन काढली, पण मिळून प्रवासी एकच होतो, आणि तेही एकमेकांपासून चोरून.

पुढचे थोडक्यात सांगतो. मोतीबिंदू पुरता पिकल्याखेरीज त्यास हात लावीत नाहीत, अशी अण्णांची समजूत होती. त्यांच्या वडिलांना कोणी तसे सांगितले होते. शिवाय डोळ्यात शस्त्र जाणार या विचाराने ते घाबरले होते. डॉक्टरांनी समजावून दिले की, आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात, आणि रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तसेच झाले. प्रथम एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा.

माझ्या कानांची परीक्षा झाली. वयपरत्वे आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात असे कळले. त्यामुळे शब्दांतील स्वर कानी पडतात, पण स-श यांसारखी व्यंजने निसटतात. दहाचे सहा कसे झाले, याचा उलगडा तेव्हा झाला. लोक अस्पष्ट बोलतात हा माझा आरोप मी येथे जाहीरपणे मागे घेतो. आता कानात यंत्र आहे. घरातील सर्व बोलणे ऐकू येते. त्यांपैकी निम्मे ऐकू आले नसते तरी चालले असते, ही गोष्ट निराळी.

अण्णांनी बंगळूरचा बेत सोडला नाही, परंतु 'कायमचा' हा शब्द तेवढा काढून टाकला. पावसाळा मुलाकडे आणि दिवाळी माझ्याबरोबर, असे ठरले आहे. येत्या दिवाळीचा दिवसही ठरून चुकला आहे. आता पाट्या ते स्वतःच वाचणार, आणि माझा वर्ग बंद होणार, याचे मला थोडे वाईट वाटते. जुन्या तहात आम्ही एक कलम मात्र नवे घातले आहे: करबुड्याच्या बोगद्यात कोणीही महत्त्वाचे काही बोलावयाचे नाही.

आपणांपैकी ज्यांचा जुना सोबती अलीकडे प्रत्येक गोष्टीला 'उत्तम, उत्तम' म्हणू लागला असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. त्याला एकदा हळूच विचारून पाहावे, की बाबा रे, काय उत्तम? आणि मग अंमळ थांबावे. त्याचे खरे उत्तर यावयास थोडा वेळ लागतो.