मंडप आणि मतभेद
(सुवर्णमहोत्सवी समारंभात कुंभकोणम येथे केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी पूर्वसुरींचे स्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि श्रोत्यांच्या भुकेचा अंदाज घेऊन आटोपते घ्यावे, असा शिष्टसंकेत आहे. पहिल्या दोन गोष्टी चिटणीसांनी उत्तम रीतीने पार पाडल्या आहेत. तिसरी आम्ही पाळू. मात्र विषय आम्ही असा निवडला आहे, की जो आपल्या व्यासपीठावर सहसा येत नाही. ज्या राजकीय प्रश्नांवर माणसांची मने दुभंगतात, त्यांविषयी आपण आपसांत कसे बोलावे, हा तो विषय होय.

आपल्यापैकी कित्येकांची मुले व नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. ती सुट्टीत घरी आली, की बोलता बोलता तेथील बंदुकीचा विषय निघतो. एक भाऊ म्हणतो, शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथील घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने १७९१ सालीच दिला आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क आहे असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. आडरानात राहणाऱ्या कुटुंबाने पोलिसांची वाट तरी किती पाहावी? दुसरा म्हणतो, २०२१ या एका वर्षात त्या देशात ४८,००० हून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मेली, त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. शाळेतल्या लेकरांना गोळीबारापासून लपण्याच्या कवायती कराव्या लागतात, हा कसला हक्क? आवाज चढतात. मग घरातले वडीलधारे म्हणतात, ‘‘पानावर बसून राजकारण नको.’’ पुढच्या खेपेला विषय निघत नाही, आणि त्याच्या पुढच्या खेपेला एक भाऊ येतच नाही.

हा अनुभव एका घरचा नव्हे. आपल्या मंडळांतूनही ‘राजकारण नको’ हा अलिखित नियम बहुधा पहिल्या दिवसापासून आहे, आणि त्यामागचा हेतू चांगलाच आहे. तथापि त्या नियमाची किंमत काय पडते, याचा हिशेब पन्नास वर्षांनंतर तरी मांडावयास हवा.

शस्त्राचा प्रश्न आपल्याला परका आहे, असे कोणी समजू नये. १८७८ साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला. त्याअन्वये एतद्देशीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांना मात्र सूट मिळाली. हा भेद सुशिक्षितांच्या मनाला फार लागला. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासेस राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले, तेव्हा हा विषय तेथे निघाला. अध्यक्षस्थानी मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते, आणि स्वागताध्यक्ष होते सर टी. माधवराव, म्हणजे १८२८ साली याच कुंभकोणमात जन्मलेले, त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले आपले तंजावरी मराठी गृहस्थ! बिपिनचंद्र पाल या तरुण बंगाली प्रतिनिधीने कायदा रद्द व्हावा म्हणून आवेशपूर्ण भाषण केले. या विषयावर प्रतिनिधींत एकमत नव्हते. तरीही चर्चा झाली, आणि राजनिष्ठ प्रजेवर हा अविश्वासाचा कलंक आहे, सबब कायद्यात फेरफार व्हावा, असा ठराव संमत झाला.

पुढे १९३१ साली कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट नमूद होता. परंतु स्वतंत्र भारताच्या घटनेत तो आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी कराचीचाच आधार घेऊन तशी उपसूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकीय सत्तेच्या काळात त्या मागणीला आधार होता, हे त्यांनी मान्य केले. पण असा हक्क घटनेत घातला तर तो गुन्हेगारांनाही मागता येईल, हा धोका त्यांनी दाखवून दिला. उपसूचना फेटाळली गेली. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, आणि परवान्याची पद्धत कायम राहिली. त्यातही गंमत पाहा, की आपल्या या कावेरीच्या उगमाशी, कोडगू जिल्ह्यात, कोडव समाजाला परवान्यातून आजही सूट आहे, आणि त्यांच्या सणात बंदुकीची पूजा होते. खंडेनवमीला शस्त्रे पूजणाऱ्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटू नये.

यावरून एवढे दिसते, की सत्तर वर्षांच्या आत एकाच देशातील देशभक्तांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही वेळा त्यांच्यापाशी विचारपूर्वक दिलेली कारणे होती. १८८७ साली प्रश्न मानहानीचा होता, १९४८ साली शांततेचा. अमेरिकेत जो आपल्याशी वाद घालतो तो मूर्ख किंवा निर्दय असलाच पाहिजे, असे मानण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांपुढे यांपैकी कोणता प्रश्न उभा आहे, हे विचारून घेणे बरे.

आता मंडपाकडे वळू. १८८७ च्या त्याच डिसेंबरात, मद्रासेसच, सामाजिक परिषदेची पहिली बैठक भरली. न्यायमूर्ती रानडे आणि माधवरावांचे चुलतबंधू दिवाणबहादूर रघुनाथराव हे तिचे प्रवर्तक, आणि अध्यक्ष माधवरावच. रघुनाथरावही कुंभकोणमचेच, विधवाविवाहाचे कट्टे पुरस्कर्ते. बालविवाह आणि विधवाविवाह हे त्या काळी घराघरांत आग लावणारे विषय! राष्ट्रीय सभेने ते आपल्या ठरावांत घेतले नाहीत, पण त्यांची तोंडेही बंद केली नाहीत. राजकीय सभा संपली, की त्याच मंडपात सामाजिक परिषद भरावी, अशी रीत पडली. १८८८ साली अलाहाबादेस आणखी एक नियम झाला : हिंदू वा मुसलमान प्रतिनिधींचा एखाद्या विषयाला जवळजवळ एकमुखी विरोध असेल, तर तो ठरावाला घेऊ नये. वादाला जागा, वेळ आणि मर्यादा नेमून देण्याचे हे शहाणपण होते.

ही रीत मोडली ती आपल्याच पुण्यात. १८९५ च्या अधिवेशनाच्या वेळी सामाजिक परिषदेला मंडप देण्यास विरोध झाला, मंडप जाळण्यापर्यंत भाषा गेली, आणि रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. बारा वर्षांनी सुरतेस व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि राष्ट्रीय सभा दुभंगली. ती पुन्हा एक व्हावयास १९१६ साल उजाडले. मतभेद १८८७ सालीही तीव्रच होते. सुरतेस जे तुटले ते एकमेकांचे ऐकून घेण्याचे बंधन.

हे बंधन कुंभकोणमला ठाऊक नाही, असे कोण म्हणेल? विजयींद्रतीर्थांचे वृंदावन याच गावी आहे. द्वैतमताचे ते आचार्य आणि अद्वैताचे अभिमानी अप्पय्य दीक्षित तंजावरच्या नायकांच्या दरबारी शास्त्रार्थ करीत, आणि मतांनी विरोधी असूनही परस्परांचा आदर राखीत, असे परंपरा सांगते. शास्त्रार्थाचा पहिला नियम असा, की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तोही असा की प्रतिपक्षाने ‘माझे म्हणणे हेच’ अशी मान डोलवावी. मगच खंडनाचा अधिकार.

शेवटी आमच्या मनातले खरे दुःख सांगतो. व्यंकोजीराजांच्या मागून आलेल्या आपल्या पूर्वजांनी साडेतीनशे वर्षे ही भाषा घरात जपली. येथील लोक आपल्याला ‘रायर’ म्हणतात, आणि आपण घरात अजून मराठी बोलतो. पण कोणत्या कामासाठी? पूजा, स्वयंपाक, लग्नकार्य, खुशाली. जगाच्या गहन प्रश्नांवर बोलावयाचे झाले, की आपण तमिळ किंवा इंग्रजी धरतो. माधवरावांचे ते स्वागतपर भाषणसुद्धा इंग्रजीतच झाले. अमेरिकेतील आपल्या मंडळींचीही गत हीच होत आहे. ज्या भाषेत तरुणाला आपला मतभेद मांडता येत नाही, ती भाषा तो सणापुरती ठेवतो, आणि त्याची मुले तीही ठेवीत नाहीत. ‘राजकारण नको’ या नियमाची हीच ती किंमत.

म्हणून आमची विनंती अशी, की सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने वर्षातून एक दिवस वादसभेला द्यावा. गणेशोत्सव आणि हळदीकुंकू यांपासून ती सभा वेगळी असावी. विषय आधी जाहीर व्हावा; तो बंदुकीचा असो, आरक्षणाचा असो, की भाषेचा. प्रत्येक वक्त्याने आधी पूर्वपक्ष मांडावा. ठराव करू नये, मते मोजू नयेत, आणि सभेनंतर सर्वांनी एका पंगतीला बसावे. अमेरिकेहून आलेल्या दोघा भावांना त्या दिवशी आवर्जून बोलवावे. त्यांनी भांडावे, पण मराठीत भांडावे.