मुलांचा मूतखडा : कारणे आणि मूत्रपिंडाची हानी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त चिकपेट येथे दिलेले व्याख्यान)



मूतखडा हा प्रौढांचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सुश्रुतसंहितेने मात्र हा रोग बहुधा मुलांना होतो असे नमूद केले आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातही आपल्या देशात गरीब घरांतील मुलांच्या मूत्राशयात खडे होत. नुसत्या धान्यावर भागविलेली भूक आणि दुधाचा अभाव, हे त्याचे मुख्य कारण होते. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना निकृष्ट आहार देऊन खडे उत्पन्न केले आणि दूध दिल्यास ते टळतात असेही दाखविले. आहार सुधारला तसा तो खडा मागे पडला. आता मुलांत आढळतो तो बहुधा मूत्रपिंडातला.

त्याची कारणे अनेक. पाणी थोडे व खारट खाणे फार, हे एक. शाळेतील अस्वच्छ शौचालयापायी लघवी दाबून धरणे आणि त्यातून होणारा जंतुसंसर्ग, हे दुसरे. मूत्रमार्गाची जन्मजात सदोष रचना, हे तिसरे. चौथे कारण आनुवंशिक : मूत्रात कॅल्शियम, ऑक्झलेट वा सिस्टीन वाजवीपेक्षा अधिक उतरते. ऑक्झलेट व सिस्टीनचे काही विकार आई व बाप या दोघांकडूनही सदोष वारसा आल्यास प्रकटतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका असतो. मामे-आतेभावंडांच्या विवाहांत हा योग अधिक जुळतो. आपल्या समाजाने याचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

खडा मूत्रवाहिनीत अडकला की मूत्र मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते. त्यात जंतू शिरल्यास त्यावर कायमचे व्रण राहतात. ऑक्झलेटच्या तीव्र जन्मजात विकारात तर बालपणीच दोन्ही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून खडा पडला वा काढला, एवढ्याने काम संपत नाही. तो तपासावयास द्यावा. रक्त व चोवीस तासांचे मूत्र तपासून घ्यावे. कारण न शोधल्यास खडा पुन्हा होण्याचा संभव राहतो.

लघवीच्या वेळी रडणे, लालसर लघवी, कारण न कळणारा ताप, वारंवार पोटदुखी, ही लक्षणे जंतांवर ढकलू नयेत. प्रथम सोनोग्राफी करावी. कुळथाच्या कढणावर विसंबून दिवस घालवू नयेत. कॅल्शियमच्या भीतीने मुलाचे दूधही तोडू नये. आहारातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडविते. मूत्राचा रंग फिका राहील इतके पाणी मात्र द्यावे.

आपल्या पेठेपासून थोड्याच अंतरावर, व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात, मूत्रविकारांची सरकारी संस्था आहे. ज्यांच्या घरी एका मुलास खडा झाला असेल, त्यांनी त्याच्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.